मेलाहात की शिमशेक

समुद्रावर माणसाला खोटं बोलता येत नाही, असं बोझबुरुन गावच्या धक्क्यावर फार गंभीरपणे सांगितलं जातं. वाऱ्यापुढे ढोंग टिकत नाही, नौका हा माणसाचा आरसा असतो, वगैरे. हे वाक्य गावात पहिल्यांदा कोणी आणलं याबद्दल मात्र एकमत आहे. तो जुन्या नौका विकणारा दलाल होता, आणि त्याने विकलेली शेवटची नौका नव्या मालकाला घेऊन बंदराच्या तोंडापर्यंतही पोचली नव्हती.

रेम्झी होजा, म्हणजे रेम्झी मास्तर, मात्र खोटं बोलले ते जमिनीवर, बहिणीच्या दिवाणखान्यात, चांगल्या सोफ्यावर बसून.

प्रसंग त्यांच्या मुलीच्या, सेल्वीच्या, मागणीचा होता. इझमीरचे दातांचे डॉक्टर इल्हामी बे आपल्या मुलासाठी, ओनातसाठी, तिला मागायला सहकुटुंब आले होते. चॉकलेटची चांदीची ताटली आली, फुलं आली. सेल्वीने सगळ्यांना कॉफी दिली आणि रीतीप्रमाणे नवऱ्या मुलाच्या कपात मीठ घातलं. ओनातने ती तोंड वाकडं न करता शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. काय संयमी मुलगा, असं सगळे म्हणाले. त्याला सर्दी झाली होती हे नंतर कळलं.

इल्हामी बेंनी घसा खाकरून, अल्लाचं नाव घेऊन मुलगी मागितली. रेम्झींनी दिली. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग रेम्झींची बहीण बेदिया हिने विचारलं, "पोरं राहणार कुठे? गावात उन्हाळी पाहुण्यांनी एक खोली शिल्लक ठेवली नाहीये."

"घर कशाला शोधायचं?" इल्हामी बे म्हणाले. "आमची शिमशेक उभीच आहे की धक्क्याला. आजपासून ती मुलांची."

दिवाणखान्यात कौतुकाची लाट उठली. शिमशेक म्हणजे वीज. पांढरीशुभ्र, रुंद बुडाची, दोन सुकाणूचाकांची. अशी नौका गावात आत्तापर्यंत कोणी लग्नात दिली नव्हती. सगळ्यांच्या माना डॉक्टरांकडून वळून मुलीच्या बापाकडे आल्या आणि तिथेच थांबल्या. आणि रेम्झींना स्वतःचाच आवाज ऐकू आला:

"मग आमची मेलाहात काय परकी आहे? तीही मुलांचीच."

"माशाल्ला!" बेदिया म्हणाली, आणि विषय संपला. गहाण ठेवलेली जमीन परत घेता येते, निवडणुकीत दिलेला शब्द तर परत घ्यावाच लागतो, पण मुलीच्या मागणीला, व्याह्यांच्या हातात कॉफीचा कप असताना दिलेला शब्द परत घेतलेला माणूस त्या किनाऱ्यावर अजून जन्मायचा होता.

अडचण एवढीच होती की मेलाहातवर रेम्झी स्वतः राहत होते.

राहत होते म्हणजे पूर्णपणे राहत होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी भाड्याचं घर सोडलं आणि या पोलादी नौकेत मुक्काम हलवला. त्यांचा बिछाना तिथे, चष्मे तिथे, प्रेशर कुकर तिथे, भूमितीची पुस्तकं डोलकाठीच्या खालच्या कपाटात. दुसरं घर नव्हतं. मेलाहात हे त्यांच्या बायकोचं नाव. नाव दिल्यावर तरी बाई चढेल अशी त्यांची अटकळ होती. "लोखंड पाण्यावर तरंगतं हे मला शिकवू नका," असं म्हणून ती शेवटपर्यंत धक्क्यावर खुर्ची टाकून बसली आणि तिथूनच त्यांच्याशी भांडली. ती गेल्यावर रेम्झी त्या नौकेवर जे टेकले ते टेकलेच. रात्री पाण्याच्या हालचालीने ताटल्या किणकिणल्या की त्यांना झोप लागायची. जमिनीवर त्यांना झोप लागत नसे.

बेदियाने तोडगा काढला. दोन्ही नौका एका रविवारी बाहेर काढायच्या. चालतात कशा, बसायला-जेवायला कशा, संसार करायला कशा, सगळं बघायचं. जी उजवी ठरेल ती मुलांची. रेम्झींनी मान डोलावली. मुलीला बिछाना दिल्याचं दुःख करणारा बाप आपण नव्हे, हे त्यांनी स्वतःला तीन-चार वेळा सांगून पाहिलं. मग त्यांनी ठरवलं की हरायचं.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला धक्क्यावर थांबवून मेलाहातचे गुण ऐकवले होते.

रविवारी सकाळी धक्क्यावर व्याह्यांची गाठ पडली.

"डॉक्टर बे, तुमच्यापुढे आमचं काय?" रेम्झींनी सुरुवात केली. "आमचं धूड म्हणजे पाण्यात सोडलेली तिजोरी. वळायला सांगितलं की विचार करून सांगते म्हणते."

"छे छे होजाम, हा तुमचा मोठेपणा," इल्हामी बे म्हणाले. "आमचं काय, प्लॅस्टिकचा डबा. लाट आली की दातावर ड्रिल लावल्यासारखी आपटते."

"असं कसं? काय ती चपळाई!"

"चपळाई कसली, उथळपणा! तुमच्या नौकेला वजन आहे. माणसासारखं."

रेम्झींना हायसं वाटण्याऐवजी घाम फुटला. त्यांनी खरं सांगितलं होतं आणि ते सौजन्यात जमा झालं होतं. या देशात स्वतःच्या वस्तूला नावं ठेवणं म्हणजे पाहुण्याला पाट देणं. जितकी नावं ठेवाल तितकी वस्तू मौल्यवान.

किझिलअदा बेटाला वळसा घालून पलीकडच्या शांत खाडीत नांगर टाकायचा, असं ठरलं. मेलाहातवर बापाबरोबर सेल्वी होती. शिमशेकवर इल्हामी बे, त्यांची बायको जाविदान हानम आणि ओनात. जाविदान हानमनी जन्मभर औषधांचं दुकान चालवलं होतं. डॉक्टरांच्या अक्षरातून रोग ओळखण्याची सवय लागल्यामुळे त्यांना कोणाच्याही बोलण्यातून फारसं काही जाणून घ्यायची गरज पडत नसे.

वारा उत्तरेकडून आला तो चांगला दांडगा आला. रेम्झींनी मोठं शीड अर्धंच उभारलं.

"बाबा, अजून वर घ्या की," सेल्वी म्हणाली.

"नको. दोर जुना आहे."

"गेल्या महिन्यात नवा घातलात. मला फोटो पाठवला होतात."

"फोटोत नवा वाटतो."

सेल्वीने शीड टोकापर्यंत ओढलं. पोलादी धूड एका अंगावर झुकलं आणि संथपणे, पण न थांबता, पाणी कापत निघालं. वारा वाढला तशी मेलाहात खुश झाली. हलक्या नौका जिथे उड्या मारतात तिथे ती म्हशीसारखी पाण्यात बसून चालते. तिच्यावर त्या वाऱ्यातही चहाचा पेला मेजावर ठेवता आला असता. एरवी रेम्झींनी हे ऐकायला कोणीतरी शोधलं असतं. आज त्यांनी मागच्या बाजूला जाऊन एक बादली दोरीला बांधून गुपचूप पाण्यात सोडली. बादली भरली, दोरी ताठ झाली, मेलाहातचा वेग जरासा मोडला.

"बाबा, बादली पाण्यात आहे."

"धुतोय."

"दोरी बांधून?"

"जाऊ नये म्हणून."

सेल्वीने बादली वर ओढली, रिकामी केली आणि खाली नेऊन ठेवली. मग तिने सुकाणू हातात घेतलं. मुलगी आपली असून ती जिंकायला का निघाली आहे हे रेम्झींना कळेना. तिला ही नौका एवढी हवी आहे? तिला हवी असेल तर द्यायलाच हवी. त्यांनी कठड्यावरून हात फिरवला आणि मागे वळून पाहिलं.

मागे शिमशेकचं काहीतरी विचित्र चाललं होतं. आधी तिची शिडं निम्मी गुंडाळली गेली. मग ती एकदम उलटी वळली. वीज नावाची नौका गोल गोल फिरत होती.

"काय झालं असेल?" रेम्झींनी आशेने विचारलं.

सेल्वीने दुर्बीण लावली. "डॉक्टर बेंची टोपी पडलीये पाण्यात. ते टोपी घ्यायला परत गेलेत." थोड्या वेळाने ती म्हणाली, "परत पडली."

तिसऱ्यांदा टोपी पडली तेव्हा मेलाहात बेटामागे वळली होती. खाडीत नांगर टाकताना रेम्झी हे त्या किनाऱ्यावरचे सगळ्यात दुःखी विजेते होते.

बऱ्याच वेळाने शिमशेक आली. इल्हामी बे ओल्या टोपीनिशी, हसत, दोन्ही हात पसरून ओरडले, "होजाम! अभिनंदन! काय नौका आहे! मी तर म्हणतो, ठरलंच!"

"टोपीमुळे झालं," रेम्झी घाईने म्हणाले. "हे धरायचं नाही."

"टोपी माझी, चूक माझी. धरायचंच!"

दोन्ही नौका शेजारी शेजारी बांधल्या. जेवणाला जाविदान हानमनी शिमशेकच्या ओट्यावर तांबूस मुलेट मासे तळायला घेतले. शिमशेकचं स्वयंपाकघर एका भिंतीला लांबच लांब लावलेलं, मासिकातल्यासारखं होतं. तेवढ्यात बाहेरून मासेमारीची एक मोटरबोट गेली, लाट आली, आणि जाविदान हानम हातात झारा घेऊन त्या लांबच लांब ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत गेल्या. धरायला काही नव्हतं. मासे मेलाहातवर तळले गेले. तिथला ओटा तीन बाजूंनी वेढलेला, माणूस आत उभा राहिला की पडायचं म्हटलं तरी पडता येत नाही.

"अडचण आहे हो फार," रेम्झी बाहेरून म्हणाले. "श्वास कोंडतो."

"होजाम, मी इथे पहिल्यांदा दोन पायांवर उभी आहे," जाविदान हानम म्हणाल्या. "तुम्ही कांदा चिरा."

मग संसाराची परीक्षा. ओनातला शिमशेकच्या मागच्या खोलीत आडवं केलं. त्याचे पाय गुडघ्यापासून बाहेर आले. मेलाहातच्या पुढच्या खोलीत आडवं केलं. पाय घोट्यापासून बाहेर आले.

"इथे बरं आहे," ओनात प्रामाणिकपणे म्हणाला. "इथे निदान गुडघे माझ्याकडे राहतात."

रेम्झींनी शेवटचा डाव टाकला. "मुलांनो, लपवण्यात अर्थ नाही. ही गळते. हा बाजूचा माझा बिछाना बघा, हात लावा. ओला आहे. छतातून समुद्र येतो."

बिछाना खरोखरच ओला होता. इल्हामी बे म्हणाले की थोडा ओलावा तब्येतीला चांगला, त्यांच्या आजोबांनी ओल्या घरात नव्वदी गाठली. जाविदान हानमनी गादीवर बोट दाबलं, आणि सगळ्यांच्या देखत ते बोट जिभेला लावलं.

"समुद्र नाही," त्या म्हणाल्या. "गोडं पाणी आहे. आणि त्यात चहा आहे."

भिंतीवर टांगलेली किटली मंदपणे हलत होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. रेम्झींनीही पाहिलं, जणू तिचा आणि आपला परिचय नाही.

जाविदान हानम बिछान्याच्या कडेला बसल्या. वर फळीवर ओळीने ठेवलेले चष्मे, उशीशी टेकवलेला रेडिओ, खिळ्याला अडकवलेला झोपायचा सदरा, असं सगळं त्यांनी सावकाश बघून घेतलं.

"होजाम, एक विचारू? हा बिछाना मुलांना दिल्यावर तुम्ही कुठे झोपणार?"

इतक्या दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. बेदियाने नाही, धक्क्यावरच्या कोणी नाही, आणि खरं तर रेम्झींनी स्वतःलाही नाही.

"बघू की," ते म्हणाले. "माणसाला काय, कुठेही."

"कुठेही म्हणजे कुठे?"

"बेदियाकडे... सोफा आहे."

"त्या सोफ्यावर तुम्ही मागणीच्या दिवशी नीट बसूही शकत नव्हतात," जाविदान हानम म्हणाल्या. "सारखे डोलत होतात."

रेम्झींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की सेल्वी लाल झाली आहे. लहानपणी खिडकीची काच फोडल्यावर व्हायची तशी.

"सोफ्यावर नाही झोपायचं त्यांना," ती म्हणाली. "पाहुण्यांची गर्दी व्हायच्या आधीच मी घर घेतलंय. भाड्याने. तळमजल्यावर, दवाखान्यासमोर. बाबांसाठी."

"माझ्यासाठी?"

"तुम्ही हिवाळ्यात पडलात, बाबा. धक्का आणि नौका यांच्या मधे."

"पडलो नव्हतो. पोहत होतो."

"फेब्रुवारीत? कोट घालून?"

"अचानक इच्छा झाली."

"तुम्हाला दोन माणसांनी वर काढलं, आणि तुम्ही मला फोनवर सांगितलंत की पाणी छान होतं!" तिचा आवाज चढला आणि मधेच फाटला. "मी सांगितलं असतं घरात या, तर आला असतात? जन्मात नाही. मग मागणीच्या दिवशी तुम्हीच म्हणालात, नौका मुलांची. मला वाटलं, तुम्हालाही उतरायचंय आणि सांगायला लाज वाटतेय. म्हटलं, नौका आम्ही घेऊ म्हणजे तुम्ही आपोआप घरात जाल. म्हणून तर बादली वर काढली!"

आयुष्यभर रेम्झींनी मुलांना शिकवलं होतं की दोन समांतर रेषा कधी भेटत नाहीत. इथे बाप आणि लेक एकाच नौकेवर, एकमेकांना बिछाना देण्याच्या नादात, चांगल्या वाऱ्यात शर्यत लावून आले होते.

"मला उतरायचं नाहीये, सेल्वी," ते म्हणाले. एवढं साधं वाक्य त्यांना इतक्या दिवसांत कोणापुढे म्हणता आलं नव्हतं. म्हटल्यावर पाहिलं तर आभाळ जागेवर होतं. "मला इथेच झोप लागते."

"मग शर्यतीआधी सांगायचं!"

"व्याह्यांपुढे?"

"व्याह्यांचं काय घेऊन बसलात," जाविदान हानम म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "इल्हामी. टोपी."

"कसली टोपी?" इल्हामी बे म्हणाले.

"तिसऱ्यांदा तुम्ही ती हाताने काढून टाकलीत. मी बघत होते."

इल्हामी बेंनी ओल्या टोपीकडे पाहिलं. मग रेम्झींकडे. मग ज्याच्या हिरडीत सुई टोचायची आहे अशा रोग्यासारखे डोळे मिटून घेतले. "होजाम, निवृत्त झाल्यापासून मी दर शुक्रवारी इझमीरहून निघतो. हिला सांगतो, इंजिनाचं तेल बघून येतो."

"दर शुक्रवारी," जाविदान हानम म्हणाल्या. "आणि सोमवारी येतात. इतकं तेल जहाजालाही लागत नाही."

"तुला माहीत होतं?"

"अहो, मीच तर डबे भरून देते! तुम्ही शुक्रवारी दाराबाहेर पडलात की मी पाय पसरून बसते. परवा मागणीत तुम्ही नौका देऊन टाकलीत तेव्हा माझ्या छातीत कळ आली. म्हटलं, आता हा माणूस आठवडाभर घरात!"

पहिल्यांदा ओनात हसला. त्याला अजून आडवंच ठेवलं होतं, पाय बाहेर, आणि हसताना त्याचं डोकं फळीवर आपटलं. मग इल्हामी बे हसले, मग सेल्वी, रडता रडता. रेम्झींनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण इतक्या दिवसांचा श्वास आत साठून राहिला होता, तो बाहेर पडताना आवाज करणारच. वर पत्र्यावर बसलेला समुद्रपक्षी उडाला.

"पण शब्द?" हसणं ओसरल्यावर रेम्झींनी विचारलं. शेवटी भूमितीचे मास्तर. "दिलेला शब्द आहे. दोघांचाही."

"शब्द काय होता? उजवी ठरेल ती मुलांची," जाविदान हानम म्हणाल्या. "ओनातचे पाय दोन्हीकडे बाहेर येतात. एकही ठरली नाही. संपलं. मासे गार होताहेत."

असा निकाल लागल्यावर दोन्ही व्याह्यांना एकदम भूक लागली. बदललेलं वारं दोन्ही नौकांनाही लागलं असावं. लिंबू पिळता पिळता इल्हामी बे म्हणाले की, आता बोलायला हरकत नाही, वळणाच्या बाबतीत शिमशेकचा हात धरणारी नौका या अख्ख्या आखातात नाही, आणि टोपी नसती तर खाडीत पोचून त्यांची कॉफीही पिऊन झाली असती. रेम्झी म्हणाले, डॉक्टर बे, गैरसमज नको, पण ज्या नौकेत मासे तळता येत नाहीत तिला नौका म्हणायचं की काचेचं कपाट? इल्हामी बे म्हणाले, तिजोरीत राहणाऱ्याने कपाटाला नावं ठेवू नयेत. कोणीही कोणाला 'हा तुमचा मोठेपणा' म्हटलं नाही. सकाळपासून पहिल्यांदाच दोघं एकमेकांशी मोकळेपणाने बोलत होते, आणि रेम्झींना वाटलं, या माणसाशी नातं जुळलं हे बरं झालं.

सेल्वीने एक अट घातली. धक्क्यावरून नौकेवर जायला जी फळी आहे ती बदलायची आणि दोन्ही बाजूंनी कठडे असलेली रुंद शिडी लावायची. हिवाळ्यातलं पोहणं बंद. रेम्झींनी थोडी घासाघीस केली आणि मान्य केलं. परतताना सुकाणू त्यांच्याच हातात होतं. शीड टोकापर्यंत वर होतं, आणि बंदरात शिरेपर्यंत ते सेल्वीला, ती विचारत नसताना, पोलादी तळाचे फायदे समजावून सांगत होते. ती ऐकत होती.

लग्न हिवाळ्याआधी झालं. बेदियाने विचारलंच, नौकांचं काय ठरलं, कोणाची उजवी? दोन्ही व्याही एकमेकांकडे पाहून म्हणाले की तुलना अजून चालू आहे, आणि अशा गोष्टींत घाई करणं बरोबर नाही.

सेल्वी आणि ओनात दवाखान्यासमोरच्या तळमजल्यावर राहतात. त्या घराच्या एकाही खिडकीतून समुद्र दिसत नाही.